स्टिरॉइडचीच अ‍ॅलर्जी? वाचकांच्या शंका आणि उत्तरं

गेल्या अंकातल्या इसबावरच्या लेखात एक वाक्य जाता जाता येऊन गेलं होतं: ज्या स्टिरॉइडने अ‍ॅलर्जी आटोक्यात आणतात, त्या स्टिरॉइडचीच अ‍ॅलर्जी काही जणांना होते. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. इथे स्टिरॉइड म्हणजे कॉर्टिकोस्टिरॉइड, म्हणजे सूज आणि खाज दाबणारी औषधं. दंड फुगवायला जिममध्ये घेतात ती वेगळी. पत्रं जागेअभावी थोडी आटोपशीर केली आहेत.

माझी घरगुती खानावळ आहे, हात दिवसभर पाण्यात असतात. दोन्ही हातांवर इसब आहे. डॉक्टरांनी दिलेली बीटामेथासोनची ट्यूब लावली की चार-सहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता मनगटाच्या वर, जिथे इसब कधीच नव्हतं तिथेही लाल पट्टा आलाय. केमिस्ट म्हणाला ‘याच औषधाची जरा स्ट्राँग देतो’, त्या ट्यूबने तर जास्तच भडकलं. मलमाचीच अ‍ॅलर्जी असेल का? — एक वाचक, लालबाग

असू शकते, आणि तुमच्या पत्रातली मनगटाच्या वरच्या पट्ट्याची ओळ महत्त्वाची आहे. साबण-पाण्याने होणारा त्रास जिथे हात भिजतात तिथेच राहतो. मलमाची अ‍ॅलर्जी मात्र मलम जिथपर्यंत चोळलं तिथपर्यंत पसरते. आधी निरोगी असलेल्या कातडीवर मलम लागून तिथे नवं इसब उठत असेल, तर संशय ट्यूबवर घ्यायलाच हवा.

ही अ‍ॅलर्जी लगेच उठणाऱ्या पित्तासारखी नसते. औषध कातडीत मुरतं, शरीरातल्या विशिष्ट पेशी त्याला ओळखायला शिकतात आणि पुढच्या वेळी लावल्यावर दोन-तीन दिवसांनी खाज, लाली, बारीक पुरळ येतं. स्टिरॉइडच्या बाबतीत ते आणखी अवघड होतं, कारण ज्या औषधामुळे दाह होतो तेच औषध दाह दाबतंही. त्यामुळे फोड येणं, पाणी सुटणं अशी ठळक लक्षणं दिसतच नाहीत. इसब नुसतं रेंगाळतं, बरं होता होता परत उठतं, आणि सगळ्यांना वाटतं की औषध कमी पडतंय. मग आणखी तीव्र ट्यूब येते. कुंपणानेच शेत खाल्लं, पण खाताना कोणाला दिसलं नाही, असा हा प्रकार.

तरीही लगेच बीटामेथासोनला दोषी धरू नका. स्टिरॉइडच्या कुटुंबात हे औषध अ‍ॅलर्जी करण्याच्या बाबतीत बरंच सौम्य आहे. हायड्रोकॉर्टिसोन आणि बुडेसोनाइड यांची अ‍ॅलर्जी त्याहून जास्त आढळते. ट्यूबमध्ये स्टिरॉइडच्या जोडीला आणखी बरंच काही असतं, आणि बहुतेक वेळा चोर तिथे सापडतो. ट्यूबवर किंवा खोक्यावर बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. चष्मा लावा, नाहीतर मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. तीन गोष्टी बघा.

पहिली, जोडीचं जंतू किंवा बुरशी मारणारं औषध. बीटामेथासोनच्या ट्यूबच्या नावापुढे ‘एन’ असेल तर बहुधा निओमायसिन, ‘सी’ असेल तर क्लिओक्विनॉल, ‘जीएम’ असेल तर जेंटामायसिन आणि मायकोनाझोल. ही अक्षरं कंपनीगणिक बदलू शकतात, म्हणून अक्षरावर न जाता घटकच वाचा. निओमायसिन हे मलमांतल्या अ‍ॅलर्जीचं जुनं आणि नेहमीचं कारण आहे. केमिस्टची ‘स्ट्राँग’ ट्यूब अशीच मिश्रणाची होती का, हे आधी पाहा.

दुसरी, टिकवण्यासाठी घातलेलं रसायन. आपल्याकडच्या क्रीमवर ‘क्लोरोक्रेसॉल, प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून’ असा उल्लेख अनेकदा असतो. काहींत पॅराबेन असतात.

तिसरी, पाया. प्रोपिलिन ग्लायकॉल, सेटोस्टीअरिल अल्कोहोल, लॅनोलिन यांपैकी काही आहे का ते पाहा. क्रीममध्ये पाणी असतं, म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं. ऑइंटमेंट तेलकट, बहुधा नुसत्या पॅराफिनवर बेतलेलं असतं आणि त्यात घटक कमी असतात. एकाच औषधाचं क्रीम सोसत नाही पण ऑइंटमेंट सोसतं असं झालं, तर दोष बहुधा स्टिरॉइडचा नसतो.

आता करायचं काय? दोन्ही ट्यूब बंद करा, पण फेकू नका. खोक्यासकट एका पिशवीत ठेवा, तपासणीला त्याच लागणार आहेत. हातांना दिवसातून चार-पाच वेळा आणि प्रत्येक धुण्यानंतर साधी पांढरी पेट्रोलियम जेली लावा, सुगंधी लोशन नको. भांडी घासताना आत सुती आणि वर व्हिनाइलचे हातमोजे घाला. रबरी मोजे इथे नकोत, कारण रबरातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी हे हातांच्या इसबाचं स्वतंत्र कारण आहे. लसूण सोलणं आणि ओल्या मिरच्या चिरणं काही दिवस दुसऱ्याकडे द्या. एवढ्याने दोन-तीन आठवड्यांत स्पष्ट फरक पडला तर अर्धं निदान झालं. मधल्या काळात फारच भडकलं तर त्वचारोगतज्ज्ञ वेगळ्या रचनेच्या स्टिरॉइडचं, मिश्रण नसलेलं ऑइंटमेंट किंवा टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देऊ शकतात. टॅक्रोलिमस लावल्यावर पहिले काही दिवस आग होते, तिला अ‍ॅलर्जी समजून ते सोडू नका.

खात्री मात्र पॅच टेस्टनेच होते. तीत संशयित पदार्थ छोट्या चकत्यांत घालून पट्टीने पाठीवर दोन दिवस चिकटवतात आणि मग कातडीवर काय उठतं ते पुढचे काही दिवस बघतात. परळचं केईएम, सायन, नायर, जे. जे. या सगळ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. ओपीडीत केसपेपर काढताना पॅच टेस्ट कोणत्या वारी लावतात ते विचारून घ्या, कारण एका आठवड्यात तीन-चार खेपा होतात आणि खानावळीच्या सुट्ट्या त्याप्रमाणे बसवाव्या लागतील.

माझी पॅच टेस्ट सोमवारी लावली, बुधवारी काढली, शुक्रवारी ‘सगळं निगेटिव्ह’ सांगितलं. पुढच्या सोमवारी आंघोळ करताना बायकोला पाठीवर एका खुणेभोवती लाल कडं दिसलं, मध्ये कातडी साफ. ही टेस्ट बिघडली का? — एक वाचक, मुलुंड

बिघडली नाही. उलट ते कडं म्हणजेच तुमचं उत्तर असण्याची दाट शक्यता आहे. आजच त्याचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून आणि आजूबाजूच्या खुणा दिसतील असा. फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. पाठीवर कोणत्या खुणेला कोणता पदार्थ होता याचा नकाशा त्यांच्याकडे असतो.

यामागचं कारण असं. चकतीच्या मध्यभागी औषधाची मात्रा जास्त असते. तिथे स्टिरॉइडचा दाह दाबण्याचा गुण वरचढ ठरतो आणि प्रतिक्रिया उमटत नाही. कडेला औषध पातळ झालेलं असतं, दाबण्याचा जोर कमी पडतो आणि अ‍ॅलर्जी तेवढी दिसते. म्हणून मधे कोरं आणि भोवती कडं. त्याच कारणाने प्रतिक्रिया उशिरा येते. निकेल किंवा सुगंधाची अ‍ॅलर्जी दुसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते, पण स्टिरॉइडची सातव्या दिवशी उगवण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. स्टिरॉइडची टेस्ट सातव्या दिवशी न बघता निगेटिव्ह सांगणं म्हणजे टेस्ट अर्धी सोडणं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चकतीतलं प्रमाणही म्हणूनच अगदी थोडं ठेवतात. बुडेसोनाइड पेट्रोलॅटममध्ये जेमतेम ०.०१ टक्के आणि टिक्सोकॉर्टॉल पिव्हॅलेट ०.१ टक्का. जास्त घातलं तर औषध स्वतःचीच प्रतिक्रिया दाबून टाकतं. हे दोन पदार्थ स्टिरॉइडच्या अ‍ॅलर्जीचे पहारेकरी मानले जातात. टिक्सोकॉर्टॉल उठलं तर हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रेडनिसोलोनचा गट संशयित ठरतो. बुडेसोनाइड उठलं तर ट्रायमसिनोलोन, फ्लुओसिनोलोन, डेसोनाइड हे भाऊबंद आणि हायड्रोकॉर्टिसोन ब्युटिरेटसारखी काही संयुगंही (एस्टर) संशयात येतात. मोमेटासोन, फ्लुटिकासोन, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन हे रेणू रचनेने वेगळे आहेत आणि यांची अ‍ॅलर्जी कमी दिसते. पर्याय बहुधा यांतूनच निघतो. क्लोबेटासॉल फार तीव्र असल्याने चेहऱ्यावर आणि जांघेत लावायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. गटांवर आंधळा विश्वासही नको. काही जणांना दोन-तीन गटांची अ‍ॅलर्जी एकदम असते, म्हणून निवडलेला पर्यायही टेस्टमध्ये लावून बघावा.

टेस्ट लावण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: या संचात बुडेसोनाइड आणि टिक्सोकॉर्टॉल आहेत का? नसतील तर स्वतःच्या ट्यूब नेऊन त्याही लावून घ्या. मात्र स्वतःच्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड पूर्ण मात्रेत असतं, त्यामुळे ती निगेटिव्ह आली तरी निर्णय पक्का होत नाही. अशा वेळी डॉक्टर उघडी चाचणी सांगतात. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या जागेवर तेच मलम दिवसातून दोनदा लावायचं, निदान आठवडाभर. जागा धुवायची नाही, झाकायची नाही. खाज-पुरळ उठलं की थांबायचं आणि दाखवायला जायचं.

तयारीबद्दलही थोडं. पाठीवर आधीचा आठवडाभर कोणतंही स्टिरॉइडचं मलम नको. तोंडाने स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा जास्त असेल तर टेस्ट पुढे ढकलतात. गोळी स्वतः बंद करू नका. पट्ट्या लागल्यावर पाठ भिजवायची नाही आणि घामाने भिजू द्यायची नाही. मुंबईत खरी अडचण इथेच येते. मे महिन्यात किंवा भर पावसाळ्यात पट्टी दुसऱ्याच दिवशी सुटते आणि चकत्या सरकल्या की सगळं वाया. जमलं तर डिसेंबर-जानेवारीत लावून घ्या. लोकलच्या गर्दीत लोक सॅक पुढे घेतातच, त्या आठवड्यात ती गर्दी नसतानाही पुढेच असू द्या. पाठ घासून आलेली लाली आणि अ‍ॅलर्जीची लाली यांत गोंधळ होतो.

जांघेत गजकर्ण झालं. केमिस्टने दिलेलं क्रीम लावलं की दोन दिवसांत खाज जाते, बंद केलं की दुप्पट होऊन येते आणि आग होते. ही क्रीमची अ‍ॅलर्जी समजायची का? — एक वाचक, कुर्ला

बहुधा नाही. तुमच्या क्रीममध्ये तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं मिश्रण असणार. स्टिरॉइड खाज दाबतं, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं. बुरशीला रान मोकळं मिळतं आणि ती कडेकडेने पसरत जाते. औषध थांबवलं की दाबलेला दाह एकदम वर येतो. अ‍ॅलर्जीत औषध लावल्यावर वाढतं, तुमचं औषध थांबवल्यावर वाढतंय. हा फरक ध्यानात ठेवा.

त्वचा पातळ होऊन पांढरट-लालसर रेघा उमटल्या असतील तर त्या कायमच्या राहतात, म्हणून आता थांबा. स्टिरॉइडच्या मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आणखी १४ स्टिरॉइडची मलमं शेड्यूल ‘एच’मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली, ती याच गैरवापरामुळे. तरी दुकानात ती मागितली की मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, खरवडून घेतलेल्या कोंड्यात बुरशी शोधायची केओएच तपासणी करायला सांगा, आणि बुरशीचं औषध पूर्ण मुदत घ्या. चट्टे गेल्यावरही ते काही आठवडे चालू ठेवायला सांगतात. घरात आणखी कोणाला असेल तर त्यांचेही उपचार एकाच वेळी करा, नाहीतर ते पुन्हा तुमच्याकडे येईल. पावसाळ्यात ओलसर अंतर्वस्त्रं घालून लोकल गाठण्यापेक्षा इस्त्री फिरवून घाला.

मुलगी सहा वर्षांची, दमा आहे. बुडेसोनाइडचं नेब्युलायझर सुरू केल्यापासून तोंडाभोवती, मास्कच्या आकाराचं पुरळ येतंय. माझ्याही बोटांना आणि पापण्यांना खाज सुटते. औषध बंद करू का? — एक आई, भांडुप

बंद करू नका. हे आधी सांगतो, कारण पुरळाच्या भीतीने पंप किंवा नेब्युलायझर बंद केला आणि मूल रात्री धाप लागून आणावं लागलं, असं होऊ शकतं. पुरळ थांबू शकतं, दमा थांबत नाही.

मास्कच्या आकाराचं पुरळ बहुतेक वेळा तिथे साचलेलं औषध, लाळ आणि ओलावा यांनी येतं. त्यावर उपाय सोपे आहेत. मास्क गालाला नीट चिकटून बसेल असा मापाचा घ्या, कडेने वाफ सुटता कामा नये. सहा वर्षांची मुलगी तोंडात धरायची नळी वापरू शकते, त्यामुळे चेहऱ्याला औषध लागतच नाही. नेब्युलायझर देण्याआधी गालांवर आणि हनुवटीवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. झाल्यावर लगेच ओल्या कपड्याने चेहरा पुसा, चूळ भरायला लावा. तोंडात पांढरे चट्टे आले तर ती बुरशी आहे, अ‍ॅलर्जी नाही. चूळ न भरल्याने ती होते.

पण तुमच्या बोटांची आणि पापण्यांची खाज दुर्लक्षून चालणार नाही. बुडेसोनाइड हे अ‍ॅलर्जी करणाऱ्या स्टिरॉइडमध्ये वरच्या क्रमांकाचं आहे, आणि मास्क धरणाऱ्या आईला किंवा नर्सला हवेत उडालेल्या औषधाने इसब होऊ शकतं. तुम्ही मास्क धरणं थांबवा, मुलीलाच नळी धरू द्या, औषधाची कुपी उघडल्यावर हात धुवा, खिडकी उघडी ठेवा. आठवडाभरात तुमच्या पापण्या बऱ्या झाल्या तर टेस्ट तुमची आधी करायला हवी. मुलीचं पुरळ वरचे सगळे उपाय करूनही टिकलं, किंवा कोपर-गुडघ्याच्या खोबणीतलं जुनं इसब नेब्युलायझरनंतर दर वेळी उसळलं, तर तिचीही पॅच टेस्ट करा.

अ‍ॅलर्जी ठरलीच तर डॉक्टर बहुधा फ्लुटिकासोन देतील. तिथे मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅम असा हिशेब लावू नका. पंपातून घ्यायच्या फ्लुटिकासोन प्रोपिओनेटची मात्रा बुडेसोनाइडच्या साधारण निम्मी पुरते. बदल डॉक्टरांनीच ठरवायचा आणि नवं औषध हातात आल्यावरच जुनं सोडायचं.

वडील ६४ वर्षांचे. दम्याचा त्रास वाढला म्हणून रुग्णालयात सलाईनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं. पाच-दहा मिनिटांत अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, बीपी उतरलं. वाचले. आता फाइलवर लाल अक्षरांत ‘स्टिरॉइड अ‍ॅलर्जी’ लिहिलंय. पुढच्या वेळी दम्याला काय द्यायचं? — एक वाचक, गिरगाव

त्या लाल अक्षरांनी अर्धवट माहिती दिली आहे, आणि दमेकऱ्याच्या फाइलवर अर्धवट माहिती धोक्याची. इंजेक्शनने लगेच येणारी अशी जिवावरची प्रतिक्रिया, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस, दुर्मिळ असते, पण असते. पुढच्या वेळी फाइल बघून कोणी स्टिरॉइड द्यायलाच धजणार नाही आणि दमा तर स्टिरॉइडशिवाय आवरणार नाही. म्हणून शोधायचं ते हे की नेमकं कशाने झालं.

डिस्चार्ज कार्डाबरोबर त्या दिवसाचा औषधांचा तक्ता मागून घ्या. त्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी काय दिलं होतं? अँटिबायोटिक, डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक? ही दोन्ही स्टिरॉइडपेक्षा कितीतरी जास्त वेळा गुन्हेगार ठरतात. त्यातून तुमचे वडील दमेकरी आहेत, त्यांना अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी पूर्वी कधी धाप लागली होती का, हेही आठवा.

स्टिरॉइडवरच संशय राहिला तर पुढचा प्रश्न, कोणत्या रूपात दिलं? शिरेतून द्यायचं मिथाइलप्रेडनिसोलोन सक्सिनेट रूपात असतं, हायड्रोकॉर्टिसोनही बहुधा तसंच. लगेच येणाऱ्या प्रतिक्रियांत सक्सिनेट रूपांचं नाव वारंवार येतं. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोनची इंजेक्शनं फॉस्फेट रूपात असतात. सांध्यात द्यायचं मिथाइलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट वेगळंच. त्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं, कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायच्या पावडरीत असतं तेच. त्या पावडरीने कधी पित्त उठलं असेल तर ते जरूर सांगा. ट्रायमसिनोलोनच्या इंजेक्शनमध्ये कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट ८० असतात, त्यांचीही अ‍ॅलर्जी होते.

तपासणी घटनेनंतर चार ते सहा आठवड्यांनी, आयसीयू हाताशी असलेल्या रुग्णालयात करायची. आधी टोचणी चाचणी, मग कातडीत पातळ केलेल्या औषधाचं इंजेक्शन, आणि १५-२० मिनिटांनी त्या जागी उठलेली गांधी, म्हणजे फुगवटा, मोजायची. सक्सिनेट, फॉस्फेट आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल वेगवेगळे तपासायचे. त्याआधी साधारण आठवडाभर अँटिहिस्टामिन गोळ्या बंद असाव्या लागतात, पण पंप सुरू राहतो. जे औषध निगेटिव्ह येईल ते शंभरावा भाग, मग दहावा भाग, मग पूर्ण मात्रा असं थांबत थांबत, देखरेखीखाली देऊन बघतात. पुष्कळ जणांना अशा रीतीने एक तरी स्टिरॉइड चालतं असं निघतं. मग फाइलवर लाल अक्षरांऐवजी असं काहीतरी लिहून घ्या: ‘अमुक तारखेला मिथाइलप्रेडनिसोलोन सोडियम सक्सिनेट, शिरेतून, दहा मिनिटांत अ‍ॅनाफिलॅक्सिस. डेक्सामेथासोन फॉस्फेट तपासून दिलं, चाललं.’ याचा फोटो वडिलांच्या आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

पुन्हा असं झालं तर लक्षात ठेवायचं औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिन. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचा अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. गरज पडली तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. अँटिहिस्टामिन आणि स्टिरॉइड त्यानंतर. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तर स्टिरॉइड विचारूनच. घरी झालं तर त्यांना आडवं झोपवून पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसू द्या, पण उभं करून जिन्याने चालवू नका. १०८ ला फोन करा. डॉक्टरांना आणखी एक सांगा: प्रतिक्रिया आल्यावर एक-दोन तासांत रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या वेळी पेशींतून बाहेर पडणारं एक प्रथिन, तपासायला पाठवता येतं. ते वाढलेलं निघालं तर खऱ्या अ‍ॅनाफिलॅक्सिसला पुरावा मिळतो.

मुलाला गाईच्या दुधाची जबर अ‍ॅलर्जी आहे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनात दूध असतं असं ऐकलं. खरं आहे का? — एक वाचक, चेंबूर

खरं आहे, पण सगळ्या इंजेक्शनांत नाही. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या काही कमी मात्रेच्या कुप्यांत, मुख्यतः ४० मिलिग्रॅमच्या, लॅक्टोज असतं आणि त्यात दुधाच्या प्रथिनाचे अंश राहू शकतात. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने अशा रुग्णांना ती देऊ नयेत असं सांगितलं. अडचण अशी की अ‍ॅलर्जीवर उपचार म्हणून ती टोचली जातात आणि मूल आणखी बिघडतं, तेव्हा संशय मूळ दुधावरच राहतो. ‘लॅक्टोज नसलेली कुपी द्या’ असं स्पष्ट सांगा. रोटाकॅपसारख्या कोरड्या पावडरीच्या कॅप्सूलमध्येही लॅक्टोज असतं. जबर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला पंप आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, बरा. दूध पिऊन नुसतं पोट फुगणाऱ्यांनी मात्र यातलं काहीच मनावर घेऊ नये, ती अ‍ॅलर्जी नव्हे.

गुडघ्यात ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद आणि गरम झाला. अ‍ॅलर्जी? — एक वाचक, विलेपार्ले

नाही. स्टिरॉइडने चेहरा असा तापतो, खाज आणि पित्त नसतं, दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस गुडघाच जास्त दुखला तर तो औषधाच्या स्फटिकांचा त्रास, बर्फाने शेका. पण ताप आला आणि दुखणं वाढतच गेलं तर वाट बघू नका, तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर तपासत राहा, ती वाढते.

त्याच जातीची आणखी एक तक्रार अनेकजणी लाजून सांगत नाहीत. डेक्सामेथासोन शिरेतून भरकन दिलं की मांड्यांच्या मध्ये, जननेंद्रियाजवळ एकदम आग किंवा खाज उठते आणि बहुधा मिनिटभरात जाते. तीही अ‍ॅलर्जी नाही. पातळ करून हळू द्यायला सांगितलं की टळते.

नाकाच्या सर्दीला फ्लुटिकासोनचा स्प्रे दिलाय. मारला की नाकात झोंबतं आणि फुलासारखा वास येतो, मग शिंका. स्टिरॉइड सोसत नाही असं समजू का? — एक वाचक, बोरिवली

फुलासारखा वास फेनिलइथाइल अल्कोहोलचा, झोंबणं बहुधा त्याचं आणि बेंझाल्कोनियम क्लोराइड या प्रिझर्व्हेटिव्हचं. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटच्या अनेक स्प्रेत ही दोन्ही असतात. केमिस्टकडे बाटलीवरचे घटक वाचून दुसरं सूत्र असलेला स्प्रे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि मारण्याची पद्धत बघा. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात आणि डाव्या नाकपुडीला उजवा हात, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने. पडद्यावर फवारा बसत राहिला तर झोंबतं आणि पुढे रक्तही येतं. नाकपुड्यांच्या कडेला, वरच्या ओठावर खाजरं पुरळ आलं तर मात्र स्प्रे थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, जाताना बाटली बरोबर न्या.